खान अल-खलीलीच्या पलीकडची गल्ली

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्याकडच्या सहलींच्या जाहिरातींत कैरो म्हणजे पिरॅमिड, ममी आणि खान अल-खलीलीतली खरेदी. आमच्या सहलीतही बाजारासाठी जेमतेम दीड तास होता. मी खरेदीला दांडी मारली आणि मुइज्झ रस्त्यानं उत्तरेला चालत दर्ब अल-अस्फर गल्लीतल्या बैत अल-सुहैमीत शिरलो.

घर 1648 चं, 1796 मध्ये वाढवलेलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत अंगावर वारा! पुढचा चौक आणि मागची बाग यांच्यामध्ये तख्तबूश म्हणतात ती उघडी बैठक आहे. मागची मोठी बाग लवकर तापते, तिथली हवा वर जाते आणि चौकातली गार हवा या बैठकीतून तिकडे ओढली जाते. वीज नाही, पंखा नाही. खिडक्यांना मश्रबिया : कातारी कामाचे लहान लहान लाकडी तुकडे जुळवून केलेली जाळी. आतल्या बाईला गल्ली दिसते, गल्लीला ती दिसत नाही.

1992 च्या भूकंपाची या घरालाही झळ बसली. पण नंतर दुरुस्ती झाली ती एका घरापुरती नाही. शेजारची जुनी घरं आणि गल्लीची फरसबंदीही हाती घेतली, ते मला जास्त मोलाचं वाटलं. याच गमालिया भागातला मुसाफिरखाना हा वाडा, जिथं सुएझ कालव्याच्या उद्घाटनाच्या वेळचा खेदिव (इजिप्तचा शासक) इस्माईल जन्मला, 1998 मध्ये जळून गेला. ऐतिहासिक कैरो 1979 पासून जागतिक वारसा यादीत आहे. यादीनं आग विझत नाही.

मात्र ज्यांच्यावर कसली पाटीही नाही त्या साध्या घरांची मला अधिक काळजी वाटते. गळक्या नळांचं पाणी जमिनीत मुरून भिंतींत चढतं आणि चुनखडीचा दगड क्षारांनी पोखरला जातो. वर दशकानुदशकं गोठलेलं भाडं. मालक दुरुस्तीला हात लावत नाही. पागडीत आयुष्य काढलेल्या मुंबई-पुणेकराला हे समजावून सांगायला नको. इजिप्तच्या 2025 च्या कायद्यानं तिथले असे जुने निवासी करार सात वर्षांत संपवायचं ठरवलं आहे. मालक मोकळा झाला की घर सावरेल की पाडेल? आमच्या पेठेतल्या वाड्याचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय : आज तिथं पार्किंगवर उभी सहा मजली इमारत आहे.

दर्ब अल-अहमर या जुन्या कैरोतल्याच वस्तीत आगा खान ट्रस्टनं स्मारकांबरोबर रहिवाशांची राहती घरंही दुरुस्त केली, भाडेकरूंना न हलवता. कायदा राबवताना कैरोनं स्वतःच्याच शहरातला हा धडा गिरवावा.

आणि आपल्या सहल कंपन्यांनी पपायरसच्या दुकानातला एक तास कमी करून या गल्लीला द्यावा. मी परतलो तेव्हा बस माझ्यासाठीच खोळंबली होती, आणि सहप्रवाशांनी विचारलं, ‘काय घेतलंत?’

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर, पुणे