संगणक कक्षाचे कुलूप उघडण्याआधी

संपादक महोदय,

एप्रिल संपता संपता शाळेच्या संगणक कक्षाला कुलूप लागते. जूनच्या मध्यात ते उघडले की काही यंत्रे सुरूच होत नाहीत आणि ‘संगणक जुने झाले, नवे हवेत’ असा प्रस्ताव वर जातो. शाळांचे संगणक दुरुस्त करणारे आणि त्यांवर मुलांना शिकवणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. आमच्या मते पुष्कळदा यंत्र बिघडलेले नसते, सुटीभर त्याच्याकडे कोणी पाहिलेले नसते. लोकवर्गणी असो, साखर कारखान्याची देणगी असो की शासकीय योजना, पैसा उभा राहतो तो खरेदीसाठी. देखभाल आणि तासाची तयारी यांसाठी वेगळी तरतूद झाल्याशिवाय सोलापूर जिल्ह्यात नवी खरेदी करू नये, अशी आमची मागणी आहे.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो इन्व्हर्टरच्या बॅटरीत. सुटीत खबरदारी म्हणून मेन स्विच बंद केला जातो, पण इन्व्हर्टर तसाच राहतो. तो स्वतःपुरती थोडी वीज ओढत राहतो आणि बॅटरी हळूहळू रिकामी होते. रिकाम्या अवस्थेत, चाळिशीच्या वर गेलेल्या तापमानात ती महिनाभर पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो. जूनमध्ये चार्जिंगचा दिवा लागतो, पण बॅटरी दहा मिनिटेही टिकत नाही. उपाय साधा आहे. सुटी लागण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, इन्व्हर्टर बंद करून ऋण टोकाची वायर काढून ठेवावी आणि मेच्या मध्यात कोणीतरी एकदा दिवसभर चार्जिंगला लावावी. मल्टीमीटरवर स्वस्थ पडलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीने १२.६च्या आसपास दाखवले तर ती भरलेली. १२च्या खाली गेली तर लगेच चार्ज करावी. पाणी डिस्टिल्डच घालावे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात इतके क्षार असतात की त्याने बॅटरीचे आयुष्य कमी होते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडण्यापुरतेच पाणी घालावे आणि खुणेपर्यंत चार्जिंगनंतर भरावे. आधीच काठोकाठ भरले तर चार्ज होताना आम्ल बाहेर येऊन टोके गंजतात.

बॅटरी किती काम देईल याचाही हिशेब खरेदीच्या वेळी कोणी मांडत नाही. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची आणि इन्व्हर्टरमधली गळती वजा करायची. हाती साधारण ७०० वॅट-तास येतात. ४३ इंची टीव्ही, एक छोटा संगणक, एक पंखा आणि एक ट्यूब मिळून दोनशे वॅट धरले तर साडेतीन तास निघतात. त्याच बॅटरीवर मॉनिटरसह दहा डेस्कटॉप जोडले तर हजार-बाराशे वॅटचा भार येतो. अर्धा तास निघाला तरी पुष्कळ, आणि एवढा प्रवाह एकदम ओढल्याने बॅटरीही लवकर जाते. वीज बेभरवशाची आहे तिथे डेस्कटॉपऐवजी तीस-चाळीस वॅटचे लॅपटॉप घ्यावेत.

अर्थिंगकडे तर पाहिलेच जात नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपपासून सुटते आणि जोडणी नावापुरती उरते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला तर अर्थिंग तपासायलाच हवे. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येणे, यूएसबी पोर्ट एकामागून एक बंद पडणे ही त्याचीच लक्षणे. खड्ड्यात कोळसा व मीठ घालून उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावे. वळवाच्या पावसात वीज पडते ती डिश आणि लॅनच्या तारेतूनही आत येते, म्हणून सुटीत फक्त प्लग काढून भागत नाही. नेटवर्कची तार आणि डिशची केबलही काढून ठेवावी.

जूनमधली एक तक्रार ठरलेली असते: ‘नेट आहे, पण दीक्षा (शासनाचे शैक्षणिक संकेतस्थळ) उघडत नाही.’ पडद्यावर ‘कनेक्शन खासगी नाही’ अशा अर्थाचा इशारा येतो. अशा वेळी आधी घड्याळाकडे पाहावे. मदरबोर्डवर सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल असतो. संगणक प्लग काढून पडून राहिला की तारीख-वेळ सांभाळण्याचा सगळा भार त्या सेलवर येतो. जुना सेल त्यात संपतो आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मागच्या तारखेला संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र ग्राह्य ठरत नाही, म्हणून ते उघडत नाही. सेल बदलावा, तारीख दुरुस्त करावी, एवढेच काम. संगणक नुसता ‘बीप’ करून थांबत असेल तर रॅम ही स्मृतीची पट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने पुसून परत बसवावी. सीपीयूच्या पंख्याखाली साचलेली धूळ मऊ ब्रशने काढावी. झाकायला सोलापुरी चादर वापरतात, पण यंत्र गरम असताना ती टाकू नये. बंद केल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा.

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि बऱ्याच जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. हे कारण पुढे करून चालू संगणक भंगारात काढण्याचे प्रस्ताव येतील. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान साठवण बसवली, रॅम किमान ४ जीबी केली आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली की तेच संगणक आणखी काही वर्षे चांगले चालतात. भूमितीचे जिओजेब्रा, प्रोग्रॅमिंगचे स्क्रॅच, लेखन-हिशेबाचे लिबरऑफिस, लहान मुलांच्या खेळांचे जीकॉम्प्री ही सगळी साधने त्यावर मोफत चालतात. शाळेला याहून जास्त काय लागते?

आता शिकवण्याविषयी. टीव्ही लावून तासभर चित्रफीत दाखवणे हे अध्यापन नव्हे, हे आम्ही ठामपणे म्हणतो. ३५-४० मिनिटांच्या तासात चित्रफीत चार-पाच मिनिटांची असावी, मध्ये थांबवून प्रश्न विचारावेत आणि उरलेला वेळ मुलांच्या हातांना द्यावा. संगणकासमोर दोनच मुले बसवावीत आणि दहा मिनिटांनी माउस दुसऱ्याकडे द्यायला लावावा. हा नियम पाळला नाही तर वर्षभर माउस एकाच्याच हातात राहतो, आणि माउस न मिळणारी बहुधा मुलगी असते.

विद्युत परिपथाचे उदाहरण घेऊ. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही सादृश्ये, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे आभासी प्रयोग, मोफत आहेत, त्यांतली अनेक मराठीत मिळतात आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. शिक्षकाने आधी फळ्यावर तीन जोडण्या काढाव्यात आणि कोणता दिवा लागेल ते प्रत्येकाला पाटीवर लिहायला सांगावे. मग मुलांनी तीच जोडणी सादृश्यात करून पाहावी. तारेने सेलची दोन्ही टोके थेट जोडली की पडद्यावर ज्वाळा दिसतात. शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे कोणालाही इजा न होता कळते. त्यानंतर टॉर्चचा खरा सेल, तार आणि बल्ब हातात द्यावा. ही शेवटची पायरी गाळली तर मुलांना पडद्यावरची जोडणी जमते आणि हातात तार आली की सोलावी कुठून ते कळत नाही. नववीच्या भूमितीत त्रिकोणाच्या मध्यगा जिओजेब्रात काढून शिरोबिंदू ओढायला सांगावा. आकार कसाही बदलला तरी संपातबिंदू मध्यगेला २:१ प्रमाणातच विभागतो, हे मूल स्वतः मोजून पाहते. फळ्यावर एकच त्रिकोण काढून हे दाखवता येत नाही. यंत्र वापरायचे ते अशा ठिकाणी. मंगळवेढ्याच्या मुलांना ज्वारीचे पीक चित्रफितीत दाखवण्यात काय अर्थ आहे? त्यांना शिवारात न्यावे आणि परत आल्यावर कणसांतले दाणे मोजून तक्ता स्प्रेडशीटमध्ये भरायला लावावा. बाटलीचे पर्जन्यमापक करून जून ते सप्टेंबर रोजचा पाऊस नोंदवला, तर सरासरी आणि आलेख हे दोन्ही धडे त्यातच होतात.

टंकलेखन शिकवायचे ते इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कळफलकानेच आणि कोणत्याही संगणकावर सारखीच दिसणाऱ्या युनिकोड अक्षरांतच. जुन्या फाँटमध्ये केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, हा प्रकार दर परीक्षेला घडतो. इनस्क्रिप्टमध्ये डावीकडे स्वर आणि उजवीकडे बहुतेक व्यंजने असतात, आणि कन्नड व तेलुगूतही ‘क’ त्याच कळीवर असतो. अक्कलकोटच्या कन्नड घरातले किंवा सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातले मूल मराठीत हात बसवते, तेव्हा त्याला घरच्या भाषेतही लिहिता येऊ लागते. सोलापूरसारख्या जिल्ह्याला याचा केवढा उपयोग आहे! उर्दू शाळांना मात्र वेगळा कळफलक लागतो, तो त्यांना मागावा लागू नये.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची कल्पना पुढे आली आणि तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, याचा आम्हांला अभिमान आहे. पण कोड उघडायला फोन लागतो आणि मजुरीला गेलेल्या पालकाचा फोन रात्रीच घरी येतो. म्हणून शिक्षकांनी आठवड्याचे घटक दीक्षा ॲपमध्ये आधीच उतरवून ठेवावेत. मोठ्या शाळांनी जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर कोलिब्री हे नेटशिवाय धडे पुरवणारे मोफत सॉफ्टवेअर बसवून वायफाय राउटर जोडावा. मग टॅब नेटशिवाय चालतात. पायला मोबाइलचा स्वस्त चार्जर लावू नये, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टरच लागतो. पडद्यावर विजेचे चिन्ह दिसले तर वीज कमी पडते आहे असे समजावे. अचानक वीज गेली की एसडी कार्ड खराब होते, त्यामुळे साठवण एसएसडीवर ठेवावी.

टीव्हीचा आकार वर्ग मोजून ठरवावा. ४३ इंची पडद्याची उंची जेमतेम ५३ सेंटीमीटर असते. त्यावरचा मजकूर साधारण तीन-सव्वातीन मीटरपर्यंत सुखाने वाचता येतो. सहा मीटर लांब वर्गात मागच्या रांगांना जोडाक्षरे दिसत नाहीत, मुले ते सांगतही नाहीत. बाके हलवून अर्धगोलात जवळ बसवावे, अक्षर पडद्यावर किमान अडीच-तीन सेंटीमीटर उंच ठेवावे आणि टीव्ही दारासमोरच्या भिंतीवर लावू नये.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक केंद्रावर (जवळच्या शाळांच्या गटावर) सुट्या भागांची एक पेटी द्यावी: मल्टीमीटर, सीआर २०३२ सेल, एक एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग), दोन रॅम, साटा केबल, यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटऱ्या आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह. ती वापरायला केंद्रातल्या दोन शिक्षकांना दोन दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावे, ऑनलाइन नको. आणि देणगीदाराकडून संगणक स्वीकारताना तीन वर्षांच्या देखभालीची आणि एका बॅटरीबदलाची रक्कम त्याच पत्रात लिहून घ्यावी. यंदा शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी केंद्रप्रमुखांनी प्रत्येक शाळेतून चारच नोंदी मागवाव्यात: बॅटरीचे व्होल्ट, न्यूट्रल-अर्थचे व्होल्ट, सुरू होणाऱ्या संगणकांची संख्या आणि वेळापत्रकात संगणकासाठी दिलेले आठवड्याचे तास.

आपले,
शालेय संगणकांची देखभाल व अध्यापन करणारे काही शिक्षक व तंत्रज्ञ, सोलापूर