‘रेक’विषयी सुहासला बार्सिलोनाहून पत्र

बार्सिलोना,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. निर्मात्याने ऐन वेळी हात वर केल्यामुळे झॉम्बीपटाची संहिता तू कपाटात ठेवून दिलीस, हे वाचून फार वाईट वाटले. ‘एवढ्याशा पैशांत एक प्रेतही धड उठत नाही,’ असे तू लिहिले आहेस. त्याला लगेच उत्तर देणार होतो, पण आधी एक जागा डोळ्यांनी पाहून यावी असे वाटले, म्हणून आठवडाभर थांबलो.

काल सकाळी मी राम्ब्ला दे कातालुन्यावर गेलो होतो. या रस्त्याच्या मधोमध पायी चालणाऱ्यांसाठी रुंद पट्टा आहे, दोन्ही बाजूंना झाडे आहेत आणि त्यांच्या सावलीत कॉफीची टेबले मांडलेली असतात. तिथेच ३४ क्रमांकाची ती जुनी, देखणी इमारत आहे. खाऊमे बालागेरो आणि पाको प्लासा या दोन दिग्दर्शकांनी २००७ साली ‘रेक’ हा स्पॅनिश भयपट केला, त्यातली इमारत हीच. दार बंद असल्यामुळे आत जाता आले नाही, तरी मी बराच वेळ समोर उभा होतो. इतक्या प्रसन्न रस्त्यावरच्या इतक्या सभ्य दारामागे ती रात्र घडली असे मानायला मन तयार होईना. आणि मला वाटते, त्या दोघांनी ही जागा निवडली ती नेमकी यासाठीच.

गोष्ट तुला थोडक्यात सांगतो. रात्री जागून काम करणाऱ्या लोकांवरच्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी आंखेला विदाल ही निवेदिका आणि पाब्लो हा कॅमेरामन अग्निशमन केंद्रात गेलेले असतात. जवान जेवतात, बास्केटबॉल खेळतात, घंटा काही वाजत नाही, आणि काहीतरी घडावे म्हणून आंखेला अगदी अधीर झालेली असते. अखेर एका म्हाताऱ्या बाईंच्या घरातून किंकाळ्या येत असल्याचा निरोप येतो. सगळे त्या इमारतीत शिरतात, म्हातारी एका पोलिसाच्या मानेचा लचका तोडते, आणि बाहेरून सरकारी यंत्रणा इमारत सील करते. पुढचा सगळा चित्रपट त्या जिन्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या खोल्यांत घडतो. एकूण लांबी अवघी ऐंशी मिनिटांच्या आतबाहेर. हे कबरीतून उठलेले मुडदे नाहीत, चाव्यातून पसरणाऱ्या रोगाने पिसाळलेली माणसे आहेत. पण तो भेद तुझ्या माझ्यासाठी महत्त्वाचा नाही.

महत्त्वाचे हे की आपण जे पाहतो ते सारे पाब्लोच्या कॅमेऱ्यातून पाहतो. पार्श्वसंगीत अजिबात नाही. पाब्लो स्वतः कधीच धड दिसत नाही. ती भूमिका चित्रपटाचे छायाचित्रकार पाब्लो रोसो यांनीच केली आहे. आंखेला झालेली मानुएला वेलास्को खरोखरच टीव्हीवरची निवेदिका होती, आणि या कामासाठी तिला नवोदित अभिनेत्रीचा गोया हा स्पेनचा चित्रपट पुरस्कार मिळाला. कलाकारांना पूर्ण संहिता आधी दिलेली नव्हती. खालच्या दालनात वादावादी चाललेली असताना जिन्याच्या पोकळीतून एक जवान धाडकन फरशीवर आदळतो, तेव्हा त्या चेहऱ्यांवर जे उमटते ते तालमीतून आलेले वाटत नाही. कॅमेरा दचकतो, भलतीकडे वळतो, मग खाली येतो. तेवढ्या अर्ध्या क्षणात माझ्या काळजात धस्स झाले होते.

तरी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मधला संथ भाग. इमारत सील झाल्यावर आंखेला रहिवाशांच्या मुलाखती घेऊ लागते. एक नीटनेटका गृहस्थ केस सारखे करून कॅमेऱ्यासमोर बसतो आणि शेजारच्या जपानी कुटुंबाला खुशाल चिनी ठरवून त्यांच्यावर संशय घेतो. एक आई, मुलीला नुसता घसा धरून ताप आलाय, तिचे वडील औषध आणायला गेलेत, असे पुन्हापुन्हा सांगत राहते. मुलीचा आजारी कुत्रा पशुवैद्याकडे नेलेला असतो हे सहज बोलण्यात येते आणि पुढे तोच धागा सगळ्या गोष्टीचे मूळ निघतो. मग ती तापलेली पोर आईच्या कडेवरूनच आईला चावते. या प्रसंगाला किती खर्च आला असेल, सांग. एक आई, एक मूल आणि ‘माझ्या लेकराला काही झालेले नाही’ ही तिची समजूत.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या घरात दिवा फुटतो आणि काळोखात पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या हिरवट उजेडात ती आकृती दिसते. ती साकारणाऱ्या हावियर बोतेत या नटाला मार्फान सिंड्रोम हा जन्मजात विकार आहे. त्याची असामान्य उंची आणि लांबच लांब बोटे हाच त्या भयाचा अर्धाअधिक भाग आहे. ती आकृती हातात हातोडा घेऊन अंधारात चाचपडते, तिला हे दोघे दिसत नाहीत, आणि आंखेलाला श्वासही दाबून धरावा लागतो. मी दर वेळी तिच्याबरोबर श्वास धरतो. अमेरिकेत वर्षभरातच याची नवी आवृत्ती निघाली. मला ती मूळ चित्रपटापुढे फिकी वाटली.

एकांकिकांच्या दिवसांत दोन लेव्हल (रंगमंचावरचे चौथरे) आणि एका कंदिलावर आपण अख्खा वाडा उभा केला होता, आठवते? वाड्याचा दुसरा मजला प्रेक्षकांनी कधीच पाहिला नाही, पण वरून पावले वाजली की सगळे मान वर करायचे. तुझ्या संहितेतले स्मशान, शंभर माणसांची पळापळ आणि जळणारी बस काढून टाक. दाराच्या अलीकडे बसून आई पलीकडच्या मुलाशी बोलते, तो प्रसंग मात्र ठेव आणि कॅमेरा दाराच्या अलीकडेच राहू दे. पलीकडे काय आहे ते आईला जेवढे कळते तेवढेच आम्हाला कळू दे.

तो प्रसंग पुन्हा लिहून मला पाठव. येत्या महिन्यात माझे काम हलके आहे, तेव्हा सावकाश वाचून ओळीओळीवर लिहीन. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
अविनाश