आदिवासींचे पान कोणी तोडले?

महोदय,

बांगलादेशातील २०२४ च्या विद्यार्थ्यांच्या जुलै उठावावर आपल्याकडे पुष्कळ छापून येते, पण त्यातले बरेचसे तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना आणि भारताचे हितसंबंध यांभोवतीच फिरते. ढाक्याच्या भिंतींवर विद्यार्थ्यांनी काय लिहिले, हे वाचायला फारसे मिळत नाही.

१८ जुलैला सरकारने इंटरनेट बंद पाडले. मग भिंतीच उरल्या. त्या दिवसांतले लिखाण स्प्रेने घाईघाईत ओढलेले, वेडेवाकडे. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून गेल्यावर शाळकरी मुलेही रंग-ब्रश घेऊन रस्त्यावर आली. रंगपूरला पोलिसांपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिलेला आणि गोळ्यांनी मारला गेलेला विद्यार्थी अबू सईद आणि आंदोलकांना पाणी वाटताना मारला गेलेला मीर मुग्धो भिंतींवर जागोजागी दिसू लागले. मुग्धोच्या चित्राशेजारी त्याचेच शब्द असत, ‘पानी लागबे, पानी?’ पाणी हवंय का कुणाला? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजानुसार या उठावात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत. भिंती विद्रूप होतात म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा. भिंतीला चुन्याचा हात पुन्हा देता येतो.

नव्या हंगामी सरकारने या चित्रांचे कौतुकच केले. त्याचे प्रमुख मुहम्मद युनूस यांनी त्यांचा संग्रह परदेशी नेत्यांना भेट दिला. पण त्यातल्याच एका चित्राचे पुढे जे झाले, त्याने मला फार अस्वस्थ केले. झाडाला पाच पाने. त्यांवर मुस्लिम, हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, आदिवासी असे लिहिलेले, आणि बाजूला सूचना: ‘पाने तोडण्यास मनाई आहे’. हे चित्र नववी-दहावीच्या बांगला व्याकरणाच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर घेतले गेले. ‘आदिवासी’ शब्दाला एका गटाने विरोध करताच जानेवारी २०२५ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाने ते चित्रच काढून टाकले. त्याविरुद्ध मंडळाच्या कार्यालयावर मोर्चा नेणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांना १५ जानेवारीला भर रस्त्यात मारहाण झाली.

ज्या मुलांच्या रक्तावर ते सरकार आले, त्यांच्याच चित्रातला एक शब्द त्याला पेलला नाही, याची मला चीड येते. त्यानंतर येणाऱ्या कोणत्याही सरकारला ढाक्याच्या विद्यार्थ्यांनी याचा जाब विचारलाच पाहिजे. आपणही ते पाच पानांचे झाड रविवारच्या पुरवणीत छापावे आणि सोबत त्याची ही हकिगतही द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली