सुमे, आईला देऊ की नको?

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुमे,

फोनच करणार होते, पण आई शेजारी बसलीय आणि विषय तिचाच आहे. शिवाय तुझ्या आबांना जवळून ओळखणारं आता तुझ्याशिवाय कोण उरलंय, ज्याला मी हे विचारू? माझी तब्येत ठीक, आईचं बीपी गोळीवर. ते राहू दे.

गोव्याच्या वहिनीनं कोंबुचाचं, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाचं, विरजण दिलं. एक जाड पांढरट चकती आणि वाटीभर आंबट पाणी. लिटरभर पाण्यात दोन चमचे चहापूड, 80 ग्रॅम साखर. चहा पार निवू द्यायचा, नाहीतर त्यातले जीव मरतात. मग काचेची बरणी, तोंडाला मलमलचं फडकं, वर रबर. झाकण लावायचं नाही, त्यांना हवा लागते. आपल्याकडची पावसातली थंडी तुला माहितीच आहे, त्यामुळं आंबायला भरपूर वेळ घेतला. हे रोज कामावरून आले की विचारायचे, "पाव्हणं जेवलं का?" खाली तपकिरी धागे लोंबायला लागले तेव्हा मी घाबरले, पण ते यीस्ट. बुरशी असती तर वरच्या वर, कोरडी, केसाळ, निळी-हिरवी दिसली असती. आणि मग एका सकाळी वर दुधाच्या सायीसारखा नवा थर धरलेला! सुमे, मी सगळ्यांना हाका मारून दाखवला.

चव घेतली, छान आंबटगोड. थोडं बरणीतच ठेवलं, बाकीचं आलं आणि खानापूरची आमसुलं घालून बाटल्यांत भरलं. आई वास घेऊन म्हणाली, "आजीच्या आंबिलीचा असाच वास यायचा बघ. मला पण दे की घोटभर."

आणि माझा हात थांबला. यीस्ट साखर खातं आणि आधी दारूच करतं. मग जिवाणू त्या दारूचं आंबट करतात, पण सगळ्या दारूचं नाही. दुकानात बिनदारूची म्हणून विकायची तर बाटलीत अर्ध्या टक्क्याहून कमी असावी लागते, घरी मोजणार कशानं? घट्ट बाटलीत तर आणखी वाढते. जिवाणूंना हवा मिळत नाही, यीस्टचं काम मात्र चालूच राहतं. 2010 साली अमेरिकेत याच कारणानं दुकानांतून बाटल्या काढाव्या लागल्या होत्या.

आईच्या गळ्यात माळ आहे. आबांच्याच सांगण्यावरून पंढरपुरात घातलेली, बाबा गेल्यावर. त्या माळेनं तिला कसं सावरलं ते तू पाहिलंयस. आता आषाढी तोंडावर आलीय.

हे म्हणतात, "पावात असतं, पिकलेल्या केळ्यात असतं, मग तेही बंद करणार काय?" हिशेब बरोबर आहे. पण माळ ह्यांच्या गळ्यात नाही, माझ्याही नाही.

आता तुला तो केक आठवला असणार. आरपीडी कॉलेजात होतो तेव्हाचा, तुझ्या वाढदिवसाचा. आबांनी कौतुकानं तुकडा खाल्ला, आणि त्यात अंडं आहे हे मी सांगून टाकलं. आबा काही बोलले नाहीत. आंघोळ केली आणि देवळात गेले. तू मला म्हणालीस, "गप्प बसली असतीस तर कुणाचं काय गेलं असतं?" किती दिवस बोलली नव्हतीस! मी बरोबरच केलं असं मला अजूनही वाटतं, भांडायचं असेल तर भांड. पण आईनं पेला पुढं केला ना, तेव्हा तू त्या दिवशी का गप्प होतीस ते पहिल्यांदा कळलं. आपल्या हातचं माणूस आवडीनं मागतंय, त्याला नको कसं म्हणायचं?

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीनं शेवटी कॉमर्सच घेतलं का? भाडेकरूनं घर सोडलं की अजून तसाच बसलाय? सगळं लिही. दिवाळीला येशील तेव्हा चकतीचा एक थर तुझ्यासाठी काढून ठेवते, पुण्यात लावून बघ.

आज जेवणं झाली की मी आईला सगळं सांगणार आहे. बाटलीतलं तर देणारच नाही. बरणीतलं घ्यायचं की नाही ते तिचं तिनं ठरवावं. ती मला विचारेल, "आबा असते तर काय म्हणाले असते?" त्या दिवशी देवळातून आल्यावर ते तुझ्याशी अंगणात बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. आता सांग. पत्र लिहीत बसू नको, रात्री व्हॉट्सॲपवर टाक.

तुझीच,
नंदी