गेजचा काटा चारावर : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : डोक्याला मार लागलेल्या पेशंटना ऑक्सिजन चेंबरचे कोर्स विकले जातात त्याबाबत

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी डॉक्टर नाही. कोराडीच्या वीज केंद्रात 31 वर्षं बॉयलरवर काढली आणि रिटायर झालो. औषधातलं मला फारसं कळत नाही, पण दाब कळतो. कुठलीही बंद टाकी दिसली की माझी नजर आधी गेजवर जाते, मग सेफ्टी व्हॉल्व्हवर, मग गेज बरोबर दाखवतं का हे तपासल्याच्या, म्हणजे कॅलिब्रेशनच्या, स्टिकरवर. ही खोड आता मरेपर्यंत जायची नाही. तिच्यामुळेच हे पत्र लिहायला बसलो.

मागच्या वर्षी मारबतीच्या दिवशी रात्री कोराडी रोडवर माझ्या मुलाच्या गाडीला मागून धडक बसली. वय 27. हेल्मेट डिक्कीत होतं. त्यावर आम्ही घरात बोलत नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचा अंक, 7 होता, 15 पैकी. ऑपरेशन करून रक्ताची गाठ काढली. मेंदूला सूज होती म्हणून कवटीचं कापलेलं हाड परत न बसवता त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवलं. पुढचे कित्येक महिने आंघोळ घालताना माझ्या हाताला ते पोटात लागायचं. 19 दिवस आयसीयूत होता. मुलगा वाचला. ज्यांनी वाचवला त्यांच्याबद्दल या पत्रात एक शब्द वाकडा नाही.

अडचण त्यानंतरची आहे. डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ अशी होती : फिजिओथेरपी चालू ठेवणे, 15 दिवसांनी दाखवणे. उजवा हात हलत नव्हता, बोलणं गेलं होतं, मध्येच चिडून ताट फेकायचा. बोलणं शिकवणारा माणूस कोण असतो, तो कुठं भेटतो, शर्टाची बटणं लावायला कोण शिकवतं, यातलं कार्डावर काही नव्हतं. अशा वेळी घरचे काय करतात ते तुम्हालाही ठाऊक असेल. टेकडीच्या गणपतीला नवस बोललो, ताजबागेत चादर चढवली, बदाम तेलाची मालीश सुरू केली. आणि एके रात्री बायकोच्या मोबाईलवर जाहिरात आली : ऑक्सिजन चेंबरनं मेंदूच्या झोपलेल्या पेशी जाग्या होतात, 40 सिटिंगमध्ये फरक.

केंद्राचं नाव लिहीत नाही. माझं भांडण एका दुकानाशी नाही. दुसऱ्या मजल्यावरचा साधा फ्लॅट. हॉलमध्ये रिसेप्शन, आतल्या बेडरूममध्ये जाड प्लास्टिकच्या कापडाची एक लांबोडकी पिशवी, तिला लांबच लांब चेन. गॅलरीत कॉम्प्रेसर. बाजूला कोविडच्या दिवसांत घरोघरी दिसायचा तसा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, त्याची नळी पिशवीत सोडलेली. मास्क नाही. चालवायला विशीतला एक पोरगा. पोरगा गोड होता. “काका, टेन्शनच घेऊ नका, झोपून राहतील मस्त,” म्हणाला.

मी गेज पाहिलं. काटा चारावर, म्हणजे 4 पीएसआय, दर चौरस इंचाला 4 पौंड दाब. सायकलच्या ट्यूबमध्ये याच्या दहापट हवा भरतात. गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतं; बाहेरचा धरूनही वातावरणाच्या हिशेबात हा दाब 1.3 पटीच्याही आतच येतो. जाहिरातीत दुप्पट दाब लिहिला होता. स्टिकर नव्हता. विचारलं तर पोरगा म्हणाला, मशीन इम्पोर्टेड आहे.

थोडं दाबाबद्दल सांगतो, कारण सगळा धंदा त्यावरच उभा आहे. गोटी सोड्याच्या बाटलीत गॅस विरघळलेला असतो तो दाबामुळे. रक्ताचंही तसंच. एरवी ऑक्सिजन तांबड्या पेशींवर बसून जातो. रक्ताच्या पाण्यात विरघळलेला असतो तो फारच थोडा, 100 मिलीत 0.3 मिली. माणसाला तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला तर हाच आकडा 6 मिलीच्या आसपास जातो, आणि तेवढ्यावर शरीराचं भागू शकतं. 1960 साली ॲमस्टरडॅमच्या बोरेमा नावाच्या सर्जननं डुकरांच्या अंगातल्या जवळपास सगळ्या तांबड्या पेशी काढून त्यांना अशा दाबाखाली जिवंत ठेवून दाखवलं. म्हणजे मुळात हे शास्त्र खोटं नाही. पाणबुड्यांना होणारा दाबाचा आजार, गॅस गँगरीन, रेडिएशननंतर न भरणाऱ्या जखमा, मधुमेह्यांच्या पायाच्या काही जखमा, बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा विषारी धूर, यांवर या उपचाराला जगभर मान्यता आहे. पण ते दुप्पट ते तिप्पट दाबाच्या, कडक भिंतींच्या चेंबरमध्ये. आमच्या पिशवीतला हिशेब वेगळा. हवेत ऑक्सिजन 21 टक्के. त्याला 1.3 नं गुणा, 27 येतात. नळीनं त्यात थोडीफार भर पडली असेल. म्हणजे घरी नाकाला साधी नळी लावून जे मिळालं असतं, त्यासाठी मी एका सिटिंगला 3,500 रुपये मोजत होतो. 40 सिटिंगचे 1,40,000. पीएफमधले.

बरं, दाब खराखुरा असता तरी डोक्याच्या माराला उपयोग झाला असता का? माझी भाची एमडी करते आहे. तिनं दोन रात्री जागून मला वाचून दाखवलं. 1992 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात गंभीर मार लागलेल्या 168 पेशंटवर अभ्यास झाला. अपघातानंतर लगेच, दर 8 तासांनी चेंबरमध्ये ठेवलं. मृत्यू 32 टक्क्यांवरून 17 वर आले. मी खुर्चीतून उठलोच. ती म्हणाली, मामा, पुढचं ऐका : जे वाचले त्यांच्यात चांगले बरे झालेल्यांचं प्रमाण वाढलं नाही. 2012 साली अशा 7 अभ्यासांची, 571 पेशंटची एकत्र छाननी झाली. तिचाही निष्कर्ष हाच : जीव वाचू शकेल, पण वाचलेल्याचं आयुष्य सुधारतं याला पुरावा तोकडा, म्हणून सरसकट वापर नको. आणि हे सगळं ताज्या माराबद्दल, आयसीयूतल्या पेशंटबद्दल. पाच महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेलेल्या पोराबद्दल नव्हे.

जुन्या दुखापतीचं बघायचं तर 2013 साली इस्रायलमध्ये 56 जणांवर अभ्यास झाला. त्यात सुधारणा दिसली, पण तुलनेला खोटं चेंबर, म्हणजे खरा उपचार न देता नुसता दिल्यासारखा दाखवणारं, नव्हतं. अमेरिकी सैन्यानं तशी तुलना केली. डोक्याला सौम्य मार लागून त्रास रेंगाळलेले 72 सैनिक, तीन गट. एका गटाला चेंबरमध्ये खरा ऑक्सिजन, दुसऱ्याला चेंबरमध्ये नुसती हवा किंचित दाबाखाली, तिसऱ्याला चेंबरच नाही. चेंबरमध्ये गेलेले दोन्ही गट सुधारले. ऑक्सिजनवाले हवावाल्यांपेक्षा जास्त सुधारले नाहीत.

हा शेवटचा अभ्यास माझ्या डोक्यातून जात नाही, कारण आमच्या घरात तेच झालं. विसाव्या सिटिंगनंतर दोन दिवसांनी मुलगा स्पष्ट “पाणी” म्हणाला. बायको रडली, मीही रडलो. ती आजही म्हणते, “चेंबरनंच झालं, तुमाले त काहीच पटत नाही.” मी म्हणतो सहावा महिना लागला होता, मेंदूची सूज उतरली होती. रोज कपडे घालून, गाडीत बसवून, चार लोकांत नेत होतो, कुणीतरी तासभर त्याच्याकडे लक्ष देत होतं. कोण खरं, हे आमच्या दोघांच्या भांडणातून ठरायचं नाही, आणि म्हणूनच अभ्यास करावे लागतात.

चोविसाव्या सिटिंगला आम्ही थांबलो. त्या दिवशी आत हवा भरायला लागल्यावर मुलगा डाव्या हातानं पिशवीला गुद्दे मारू लागला. पोरगा म्हणाला, सुरुवातीला सगळेच घाबरतात. दाब वाढताना कानाला दडे बसतात. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, नाहीतर ओरडून सांगतो. ज्याची वाचाच गेली आहे तो काय सांगणार? बाहेर काढला तेव्हा कानातून रक्ताची बारीक रेघ आली होती. कानाच्या डॉक्टरांनी पडद्याला इजा झाल्याचं सांगितलं. त्याला फिटची गोळी चालू आहे का, हे त्या केंद्रात 24 वेळांत एकदाही कुणी विचारलं नाही. जास्त दाबाच्या ऑक्सिजननं फिट येऊ शकते हे मला नंतर कळलं. आणि सकाळी मालीश केलेलं बदाम तेल डोक्याला तसंच होतं, अंगात नायलॉनचा ट्रॅकसूट, हातात मोबाईल, कारण “गाणी ऐकत पडतात”. आमच्याकडे नव्या वेल्डरला पहिल्या दिवशी शिकवतात : ऑक्सिजनच्या जवळ तेल-ग्रीस नाही. 1997 साली इटलीतल्या मिलानमध्ये अशा चेंबरला आग लागून 11 माणसं गेली. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेत मिशिगनमध्ये पाच वर्षांचं पोर आतल्या आत गेलं. हे वाचल्यापासून मला रात्री त्या पिशवीची चेन दिसते.

आता मागणं. बंदी घाला असं मी म्हणत नाही. मान्य आजारांसाठी नीट चालणारी चेंबर्स हवीतच. पण साहेब, हे सोडवायला नागपूरइतकं सोयीचं गाव देशात दुसरं नसेल. दाबाखालच्या गॅसचे सिलिंडर आणि टाक्या यांचे नियम बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय सेमिनरी हिल्सला आहे. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय याच शहरात आहे. ही दोन्ही केंद्राची, मान्य. पण तुमच्या खात्याचं एक पत्र गेलं तर ही चेंबर्स नेमकी कुणाच्या कक्षेत येतात, गेज कोण तपासणार, आत काय नेऊ नये याचा तक्ता कोण लावणार, एवढं तरी कागदावर ठरेल. कोराडीत इन्स्पेक्टरच्या सहीशिवाय बॉयलर पेटत नाही. ज्यात माणूस झोपवतात त्या टाकीला सही नको?

जाहिरातींचं तर सोपं आहे. आक्षेपार्ह जाहिरातींचा 1954 चा कायदा आहे, औषधे आणि जादूचे उपाय यांच्यावरचा. त्याच्या यादीत मेंदूचे आजार आणि विकार नावानिशी आहेत. अन्न व औषध प्रशासन दुसऱ्या मंत्र्यांकडे असलं तरी तुमचा मजला काही फार लांब नसावा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2013 सालीच लोकांना जाहीर सांगितलं होतं की मेंदूच्या दुखापतीसाठी हा उपचार मान्य केलेला नाही. तसं एक पान मराठीत आणि हिंदीत काढा. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, आवारात छिंदवाडा-बालाघाटचे नातेवाईक सतरंजी टाकून बसलेले असतात, त्यांच्या हातात ते पडू द्या. आणि कुणाला खरंच वाटत असेल की याने फायदा होतो, तर सरकारी कॉलेजात, एथिक्स कमिटीसमोर मांडून, नोंदणी करून अभ्यास करावा. अभ्यासात पेशंटकडून पैसे घेत नाहीत, एवढा फरक मला आता कळतो.

पण हे सगळं केलं आणि डिस्चार्ज कार्डावरची ती ओळ तशीच राहिली, तर पिशवीच्या जागी दुसरं काहीतरी येईल. माझं खरं मागणं त्या ओळीचं आहे. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत हेड इंज्युरीचा एक ठरलेला वार असावा, एक खोली असावी, आणि तिथं न्यूरोसर्जन, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट आणि मानसोपचारवाले एकाच टेबलावर बसावेत. मेडिकलमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं कॉलेज आहे, हे मला मुलाच्या अपघातानंतर सात महिन्यांनी कळलं! बटण कसं लावायचं, चमचा कसा धरायचा, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे शिकवण्याचं ते शास्त्रच आहे. कार्डावर “फिजिओ चालू ठेवणे” याऐवजी खोली नंबर, वार आणि वेळ छापा. फुले योजनेत ऑपरेशनचे पैसे मिळतात, त्यानंतरच्या सहा महिन्यांच्या थेरपीचेही मिळतील का ते बघा. माझ्या 84,000 रुपयांत, म्हणजे झालेल्या 24 सिटिंगच्या पैशांत, बोलणं शिकवणाऱ्या बाई किती महिने येऊ शकल्या असत्या याचा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही. उरलेले 56,000 परत मागितले तर पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे म्हणाले.

डिसेंबरात अधिवेशनाला तुम्ही नागपुरात असालच. मोर्चा काढायला माझ्यामागे कोणी नाही आणि गुडघेही नाहीत. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. तिच्यावर आजाराच्या रकान्यात “वेलनेस” लिहिलेलं आहे, ते बघा.

मुलाचं हाड होळीनंतर परत बसवलं. शर्टाची वरची दोन बटणं तो आता स्वतः लावतो, तिसऱ्याला हात थकतो. तुमच्या ऑफिसातून कोणी फोन केलाच तर दुपारी 12 नंतर करावा. सकाळी आम्ही दोघं थेरपीला असतो.

आपला,
एक निवृत्त बॉयलर ऑपरेटर,
नागपूर