तुम्ही आलात की चिऊला कुठे न्यायचं

बर्लिन

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "तुम्ही दोघं कामावर गेलात की आम्ही म्हातारा-म्हातारी त्या पोरीला घेऊन चार भिंतींत काय करणार? ना भाषा येत, ना रस्ते ठाऊक." तेव्हापासून ते मनात घोळतंय. फोनवर धड सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले. चिऊला तुम्ही एकट्याने बाहेर न्यावं, आमची वाट बघत बसू नये, असं मला मनापासून वाटतं. आणि या शहरात ते जमण्यासारखं आहे.

इथे मुलांच्या खेळण्याच्या जागांसाठी १९७९ सालचा स्वतंत्र कायदा आहे. दर रहिवाशामागे १ चौरस मीटर जागा खेळायला असावी, असं त्यात धरलंय. सगळ्या वस्त्यांत तेवढी जागा नाही, पण चार गल्ल्या चाललं की एखादं मैदान लागतंच. तिकीट नाही, रखवालदार नाही. घसरगुंडी, झोके, चढायच्या दोऱ्या, कडेला बाक, आणि खाली रेतीच रेती, म्हणजे पोर पडलं तरी फारसं लागत नाही. बाकांवर आजी-आजोबा बसलेले असतातच, आणि ओळख करून घ्यायला हसून मान डोलावली तरी पुरतं.

आई, तुला एका गोष्टीची आधीच कल्पना देते. बऱ्याच मैदानांवर उन्हाळ्यात हातपंप चालू असतो. एक पोर दांडा हापसतं, पाणी लाकडी पन्हाळीतून रेतीत उतरतं आणि खाली बाकीची पोरं धरण बांधत बसतात. कुणी कुणाला ओळखत नसतं, पण हापसणारा दमला की दुसरा आपणहून पुढे होतो. चिऊ तासन्‌तास तिथेच रमते आणि कोपरापर्यंत चिखलात माखून घरी येते. तू तिला ओढून बाजूला घेशील, हे मला दिसतंय. नको घेऊस. चिखलात घालायची रबरी विजार आणि बूट दाराशीच ठेवलेत. घरी आली की टबात उभी कर.

आणि बाबा, ती दोरीच्या जाळीवर चढेल तेव्हा खाली उभे राहा, पण हात देऊ नका. इथले आईबाप देत नाहीत. जिथवर आपल्या बळावर चढता येतं तिथवरच मूल चढतं आणि तेवढंच ते सुखरूप असतं, असं ते मानतात. मला आता ते पटलंय. असल्या खेळण्यांवरून पडायची उंची ३ मीटरपेक्षा जास्त नसावी, असा युरोपातला नियम आहे.

तुम्हा दोघांसाठी पहिली जागा मी ठरवून ठेवली आहे: हाझेनहाइडे. आमच्या घरापासून चालत जाता येतं. मोठी झाडं, मैदान, जाळीपलीकडे शेळ्यामेंढ्या. बाबा, १८११ साली फ्रीडरिश लुडविग यान या गृहस्थाने याच ठिकाणी उघड्यावरची व्यायामशाळा काढली. डबल बारवरची कसरत तिथूनच पसरली. त्याचा पुतळाही आहे. तुमची सगळी तरुणाई अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांबावर गेली, तेव्हा ही जागा तुम्ही बघायलाच हवी. आपल्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी याच शहरात येऊन कबड्डी दाखवली होती, हे तुम्हीच मला लहानपणी सांगायचात. ते स्टेडियमही एकदा बघून येऊ. आणि आई, हाझेनहाइडेच्या कडेलाच गणपतीचं देऊळ आहे. गोपुर लांबून दिसतं, त्यामुळे वाट चुकायची भीती नाही.

तिथून पुढे टेम्पेलहोफ. हा पूर्वी विमानतळ होता. २००८ साली बंद झाला, २०१० पासून सगळ्यांना मोकळा आहे. जिथून विमानं उडायची त्या धावपट्टीवर आता पोरं सायकली शिकतात, पतंग उडवतात. सरकारला कडेने इमारती बांधायच्या होत्या. २०१४ साली लोकांनी मतदान करून नाही म्हटलं. एवढी मोलाची जमीन नुसती मोकळी राहू द्या म्हणणाऱ्या या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. १९४८-४९ मध्ये रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते अडवले तेव्हा धान्य-कोळसा इथेच विमानांनी उतरायचा. गेल हॅल्व्हर्सन नावाचा अमेरिकन वैमानिक कुंपणाशी उभ्या असलेल्या पोरांसाठी रुमालाच्या छत्र्यांना बांधून चॉकलेटं टाकायचा. बाबा, ही गोष्ट चिऊला तुम्हीच तिथे उभं राहून सांगा. मी मुद्दाम सांगितलेली नाही.

सुट्टीच्या दिवशी आपण सगळे मिळून जाऊ. निसर्गविज्ञान संग्रहालयात १३.२७ मीटर उंचीचा डायनासोरचा सांगाडा आहे. हाडं आजच्या टांझानियातली. १९०९ ते १९१३ या काळात तिथल्या मजुरांनी ती खणली आणि डोक्याखांद्यावरून बंदरापर्यंत वाहून नेली. चिऊ नुसती मान वर करून बघत राहते. आणि वूलहाइडेच्या रानातली छोटी आगगाडी! १९५६ पासून चालते आहे. तिकीट तपासायला, सिग्नल सांभाळायला शाळकरी मुलं, अंगात गणवेश. रूळ आपल्याकडच्या शकुंतला रेल्वेहूनही अरुंद, ६०० मिलिमीटरचे. बाबांना तिथून हलवणं अवघड जाईल.

आता थोडं कामाचं. सहा वर्षांखालच्या मुलांना बस, ट्राम, मेट्रो फुकट, म्हणजे चिऊचं तिकीट नाही. तुमचे पास मी काढून ठेवते. बहुतेक मैदानांवर संडास नसतो, म्हणून घरून निघतानाच जाऊन यायचं. रविवारी दुकानं बंद, तेव्हा फळं-बिस्किटं शनिवारीच आणायची. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवूनही एक फेरी होते. आई, गुडघ्याचा पट्टा आणि रोजच्या चपलेऐवजी बंद बूट आण, रेतीत चपलेने चालवत नाही. जिन्याची स्टेशनं टाळून लिफ्टची कुठली धरायची, ते मराठीत लिहून फ्रिजवर लावते.

व्हिसाच्या कागदांत प्रवासविमा लागतो, तो तेवढा या आठवड्यात काढून घ्या आणि तारखा कळवा. जूनची तिकिटं अजून बेताची आहेत.

तुमची,
ताई