हेडच्या कडेला आकडा ठोकणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

तुम्ही आभार ऐकून घेणाऱ्यांतले नाही. मी थँक्यू म्हणालो, तर तुमचं उत्तर होतं, "हेडचे बोल्ट नवे टाका, ताणलेले परत वापरू नका." म्हणून आता चारचौघांत लिहितोय, म्हणजे तुम्हाला मधेच विषय बदलता येणार नाही.

तुमच्याकडे येण्याआधी माझ्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनात सिलिंडरांवर बसणारा ॲल्युमिनियमचा वरचा भाग, एका दुसऱ्या वर्कशॉपमध्ये जाऊन आलं होतं. इंजिन गरम झालं, हेड गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवलं, फेसिंग करून, म्हणजे खालची बाजू घासून, चकाचक परत बसवलं. किती घासणार, असं मी तेव्हा विचारलं होतं. "लागेल तेवढं. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत काही होत नाही." शेवटी किती घासलं ते ना तोंडी सांगितलं, ना बिलावर लिहिलं. थोड्याच काळात पाणी पुन्हा कमी व्हायला लागलं, टाकीत बुडबुडे दिसायला लागले. परत गेलो तर दोष गॅस्केटचा, गॅस्केट बनवणाऱ्याचा, माझ्या चालवण्याचा. आणि उपाय? "आणा, अजून एकदा मारून देतो."

तुम्ही हेड टेबलावर ठेवलंत आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "याआधी किती काढलंय?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मला सांगता येईना, तेव्हा तुम्ही चिडला नाहीत, मायक्रोमीटर काढलात. चारही कोपऱ्यांची उंची घेतलीत. मग स्ट्रेट एज, म्हणजे अगदी सरळ पट्टी, लांबीला, रुंदीला, दोन्ही तिरक्या रेषांवर धरून खालून फीलर गेजची, फट मोजायची, पाती सरकवत गेलात. माझ्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये नव्या हेडची उंची आणि चालणारी किमान उंची यांच्यात फरक आहे फक्त ०.२० मिमीचा. त्यातले ०.१५ च्या आसपास आधीच गेले होते. उरले ०.०५. आणि हेडला मधोमध बाक होता ०.१२ चा. "हे घासून सरळ होणार नाही," एवढंच बोललात. अर्ध्या मिलिमीटरच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे गणित एकदा तरी मांडायला हवं होतं.

खरी गोम तर पुढेच होती. तुम्ही व्हॉल्व्हचा सगळा पसारा बाजूला काढून नुसता कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्याच्या जागी बसवलात, कॅप आवळल्यात आणि मला म्हणालात, "फिरवून बघा." हाताने फिरेना. मधल्या बेअरिंगवर घासल्याच्या खुणा होत्या. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. खाली बिडाचा ब्लॉक, वरून बोल्टांनी जखडलेलं हेड, त्यात प्रमाणाबाहेर उष्णता. पसरायला जागा न मिळालेलं हेड कमानीसारखं वाकतं. आणि वाकतं ते अख्खं, नुसता खालचा पृष्ठभाग नव्हे. आधीच्या लोकांनी खालची बाजू घासून नुसती चकचकीत केली आणि वरची कॅमची रेषा तशीच वाकडी सोडून दिली. दिसायला हेड आरशासारखं, आतून कॅमशाफ्ट जखडलेला. गंमत म्हणजे तो आरसासुद्धा खोटाच होता. पत्र्याच्या थरांच्या गॅस्केटला फार एकसारखा, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, आणि इथे हातमशीनच्या चकतीने उमटवलेल्या गोल खाचांत माझं नख अडकत होतं.

पुढे तुम्ही हेड सरळ कसं केलंत ते मी इथे सविस्तर देत नाही. जाड लोखंडी पाटावर बांधून भट्टीत तापवणं आणि सावकाश थंड होऊ देणं, हे वाचून कुणी घरच्या ओव्हनकडे वळायला नको. मात्र त्याआधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. तुम्ही धातूचा कडकपणा तपासलात. फार तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं, मग बोल्ट कितीही आवळा, पकड टिकत नाही. "मऊ निघालं तर भंगारात घाला, माझं काम गेलं असं समजा," हे तुम्ही आधीच बोलून ठेवलंत. स्वतःची मजुरी बुडेल अशी तपासणी आपणहून करणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

हेड मऊ निघालं नाही. सरळ झाल्यावर कॅमशाफ्ट बोटाने फिरायला लागला. मग एक शेवटचा हलका हात, ०.०४ मिमी, बस्स. किमान उंचीच्या जेमतेम वर.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते. हेड गाडीत ठेवायला मी उचलणार, तेवढ्यात तुम्ही "थांबा" म्हणालात. आकड्यांचे पंच आणि छोटी हातोडी घेऊन आलात, आणि एक्झॉस्टच्या बाजूला, जिथे गॅस्केट लागत नाही अशा कडेवर, एकेक आकडा ठोकलात. तारीख आणि उंची. मी विचारलं, एकूण किती काढलं तेच का नाही लिहीत? तुम्ही म्हणालात, "आधीच्यांनी किती काढलं ते मी पाहिलेलं नाही. मी मोजलंय तेवढंच लिहिणार."

काका, त्या वाक्यावर मी अजून अडकलोय.

तो आकडा माझ्यासाठी नव्हताच. इंजिन जोडल्यावर ती कड उष्णता अडवणाऱ्या पत्र्यामागे गेली. मला तो आता दिसतही नाही. तो आहे पुढे कधीतरी हे हेड उघडणाऱ्या मेकॅनिकसाठी, ज्याला तुम्ही ओळखत नाही, जो तुम्हाला ओळखणार नाही. गाडी तेव्हा माझी असेल की नाही, तेही ठाऊक नाही. त्या अनोळखी माणसावर अंदाज बांधायची वेळ येऊ नये, म्हणून तुम्ही दिवसभराच्या कामानंतर उभे राहून हातोडी चालवलीत. त्याचे पैसे लावले नाहीत, बिलात उल्लेखही नाही. सज्जनपणा म्हटलं की आपण गोड बोलणारी माणसं आठवतो. तुम्ही मोजकं बोलता, तेही खडसावल्यासारखं. पण जिथे कुणी बघणार नाही तिथे खरा आकडा लिहिणं, याच्यापुढे मला सगळं गोड बोलणं स्वस्त वाटतं. अशी माणसं दवाखान्यात असतात, शाळेत असतात, एखाद्या खिडकीमागे शिक्के मारत बसलेली असतात, आणि आपली कामं होतात ती त्यांच्याच जिवावर. आवाज मात्र दुसऱ्यांचाच जास्त.

तुमच्यामुळे मला आता लोक विचारतात, हेड किती घासलेलं चालतं? मी तुमचंच उत्तर देतो: किती उरलंय ते आधी सांगा. सगळ्या इंजिनांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. कुठे एकूण ०.२ मिमीची मुभा असते, कुठे त्याहून जास्त, आणि कित्येक डिझेल इंजिनांत बनवणाऱ्याने साफ मनाईच केलेली असते. लोक घाबरतात ते कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने हवा दाबण्याचं प्रमाण, वाढण्याला. तुम्ही कागदावर मांडून दाखवलेलं गणित माझ्याकडे अजून आहे. ८० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), एका सिलिंडरचे ४०० घन सेंटिमीटर, रेशो १० ला १. पाव मिलिमीटर काढलं तर जागा कमी होते फार तर सव्वा घन सेंटिमीटर, आणि रेशो जातो जेमतेम १०.३ पर्यंत. म्हणजे चिंता करायची ती बाकीच्या गोष्टींची. व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. वर कॅम असलेल्या इंजिनात कॅम खालच्या क्रँकशाफ्टच्या जवळ सरकतो आणि व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग किंचित मागे पडतं. सपाट हेडच्या डिझेलमध्ये कॉम्प्रेशन फारसं हलत नाही, पण व्हॉल्व्हची खोली कमी होते, इंजेक्टरचं टोक जास्त बाहेर येतं. व्ही आकाराच्या इंजिनात एकाच बाजूचं हेड घासलं तर वरचा इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा भाग) नीट बसत नाही. काही इंजिनांना जाड गॅस्केट मिळतं आणि थोडी भरपाई होते. गेलेला धातू मात्र कशानेच परत येत नाही. रेसिंगवाले मुद्दाम एकेक मिलिमीटर काढतात, हे ऐकवणारे भेटतातच. ते लोक पिस्टनपासून टायमिंगपर्यंत सगळं त्या हिशोबाने बदलतात, ही बाब सांगायची मात्र राहून जाते.

आणि हो, निघताना तुम्ही म्हणालात, "हेड वाकणं म्हणजे अंगातला ताप. आजार दुसरीकडे आहे, तो शोधा." शोधला. रेडिएटर खालून अर्धा बुजलेला होता. आधीच्या वर्कशॉपने त्याचं झाकण तरी उघडून पाहिलं होतं का, देव जाणे.

बोल्ट नवे टाकले. त्यांची भोकं तेल आणि घाण काढून कोरडी केली, तुम्ही सांगितलंत तशी. पाण्याची पातळी जिथे होती तिथेच आहे, तेल स्वच्छ आहे. कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतली, चारही सिलिंडरमध्ये फरक किरकोळ आहे. आकडे लिहून ठेवलेत. पुढच्या खेपेला दाखवायला आणतो, तेव्हा "थँक्यू" म्हणणार नाही, घाबरू नका.

तुमचा ऋणी,
त्या ०.०५ मिमीवाल्या हेडचा मालक